आधी खरवडा, मग भिजवा, दाब शेवटी

1950 साली प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी जर्मनीतल्या विनेंडेन गावात आल्फ्रेड केर्चर या अभियंत्याने युरोपातलं पहिलं गरम पाण्याचं उच्च दाबाचं धुलाई यंत्र तयार केलं. त्या वेळी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज आहे. दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगा लागतात, आणि चाकं, मडगार्ड, चेसी यांवर काळ्या मातीचे थर चढतात. ओली असताना चिकटणारी आणि वाळल्यावर टणक होणारी ही माती साध्या नळीच्या पाण्याला दाद देत नाही. संगमनेर, राहाता, राहुरी, कोपरगाव भागात घरोघरी संकरित गायींचे गोठे आहेत, तिथे रोज शेण-मूत्र हटवावं लागतं. म्हणून एके काळी फक्त रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर दिसणारं प्रेशर वॉशर आता शेतकऱ्याच्या पडवीत आलं आहे.

यंत्र आलं, पण ते वापरायचं कसं हे बहुतेक ठिकाणी एकाने दुसऱ्याचं बघूनच शिकलेलं असतं. गन हातात आली की पहिल्याच मिनिटाला पूर्ण दाबाने धार सोडायची, हीच पद्धत पडली आहे. तिच्यामुळे रंग उडतो, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं, पाणी वाया जातं आणि कधी कधी माणूस जखमी होतो. चांगल्या धुलाईचा मोठा भाग गन हातात घेण्याआधीच उरकलेला असतो. खरवडणं, भिजवणं, साबणाला काम करायला वेळ देणं या पायऱ्या नीट झाल्या तर दाबाला शेवटचं थोडंसंच काम उरतं.

दोन यंत्रं, दोन स्वभाव

जिल्ह्यात प्रामुख्याने दोन प्रकारची यंत्रं दिसतात. पहिलं घरगुती विजेचं प्रेशर वॉशर: दाब साधारण 100 ते 130 बार, पाणी मिनिटाला 6 ते 8 लिटर. दुसरा एचटीपी पंप: तीन पिस्टनचा, पट्ट्यावर चालणारा, मोटर, इंजिन किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओला जोडलेला. याचा दाब बहुधा 20 ते 40 बार असतो, पण पाणी मिनिटाला 20 ते 36 लिटर जातं. डाळिंब, पेरू, लिंबू यांच्या बागांवर फवारणी करण्यासाठी घेतलेला हा पंप पुढे गाडी धुवायला आणि गोठा धुवायलाही वापरला जातो.

बार म्हणजे नेमकं किती? कारच्या टायरमध्ये हवेचा दाब सव्वादोन बारच्या आसपास असतो. घरगुती वॉशरचा दाब त्याच्या पन्नासपट. 120 बार दाबाने नोझलमधून सुटणाऱ्या पाण्याचा वेग गणिताने ताशी 550 किलोमीटरच्या पुढे जातो. वैद्यकीय अनुभव सांगतो की 7 बारच्या आसपासचा दाबही त्वचा भेदू शकतो. म्हणजे ज्या एचटीपीला 'कमी दाबाचा' म्हणून निर्धास्तपणे हाताळलं जातं, तोही या मर्यादेच्या कितीतरी वर आहे.

धारेचा जोर दोन गोष्टींवर ठरतो, नोझलच्या कोनावर आणि अंतरावर. अनेक यंत्रांबरोबर रंगीत नोझल येतात: लाल म्हणजे शून्य अंशाची सरळ धार, पिवळं 15 अंश, हिरवं 25, पांढरं 40 आणि काळं साबण फवारण्यासाठी. लाल नोझल घरकामात बाजूलाच ठेवावं. गाडी, ट्रॅक्टरचा पत्रा आणि खिडक्यांना पांढरं, फरशी आणि ट्रॉलीला हिरवं पुरतं. काम एक मीटर अंतरावरून सुरू करावं आणि मळ निघत नसेल तरच हळूहळू जवळ जावं. रंगवलेल्या पत्र्यापासून किमान एक फूट अंतर राखावं. एखादा डाग त्या अंतरावरून निघत नसेल, तर तिथे साबण आणि ब्रश कमी पडला आहे असं समजावं.

वीज, पट्टा आणि पीटीओ

ओली जमीन, ओले हात, ओल्या चपला आणि वीज हे चारही एकत्र येतात ते याच कामात. म्हणून धुलाईआधी अर्थिंग तपासून घ्यावं. त्या लाईनवर 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवावं. गळती होताच सेकंदाच्या अंशात ते पुरवठा तोडतं. साधं एमसीबी तारा आणि उपकरणं वाचवण्यासाठी असतं, माणसाचा जीव वाचवायला आरसीसीबीच लागतं. त्याचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून बघावं. बटण दाबूनही ते पडलं नाही, तर इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय मशीन लावू नये.

1800 वॉटचं यंत्र सुमारे 8 अँपिअर विद्युतप्रवाह घेतं. त्याला पंख्याची बारीक वायर जोडली तर वायर तापते, लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते. एक्स्टेंशन लागणारच असेल तर ती तीन तारांची, 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची, मध्ये जोड नसलेली आणि पूर्ण उलगडलेली असावी. तिचा बोर्ड जमिनीवर टेकवू नये, खुंटीवर किंवा खुर्चीवर कोरड्या जागी ठेवावा. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकणं म्हणजे अर्थिंगच तोडणं.

एचटीपीचा धोका वेगळा. त्याच्या पट्ट्यावर जाळी नसेल तर उपरण्याचं टोक, साडीचा पदर, ओढणी, सैल बाही क्षणात आत ओढली जाते. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. हात मागे घ्यायला माणसाला तेवढा वेळच मिळत नाही. पट्ट्यावर आणि शाफ्टवर संरक्षक आवरण हवंच, आणि पंप चालू असताना त्याला ओलांडून कोणी जाऊ नये. पेट्रोल किंवा डिझेल इंजिनवरचा पंप बंद शेडमध्ये चालवू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही.

पायात चप्पल चालत नाही, गमबूट घालावेत. डोळ्यांवर गॉगल असावा. उडालेला खडा परत येतो तो थेट तोंडाकडे. शिडीवर उभं राहून गन चालवू नये. ट्रिगर दाबताच गन मागे ढकलते आणि तोल जातो. उंचावर पोहोचायचं असेल तर जमिनीवर उभं राहून लांब दांडी वापरावी. बाजूला मुलं किंवा कुत्रं असेल तर काम थांबवावं. थट्टेतही गन कोणाच्या पायावर धरू नये.

मशीन सुरू करताना आणि ठेवताना

विजेच्या वॉशरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे कोरडं चालणं. पाण्याने पंप थंड राहतो आणि त्याच्या सीलांना ओल मिळते. आधी पाणी जोडावं, गनचा ट्रिगर दाबून नळीतली हवा पूर्ण बाहेर पडू द्यावी, धार सलग झाली की मगच स्विच चालू करावा. टाकीतून किंवा ड्रममधून पाणी ओढायचं असेल तर ओढनळी आधी भरून घ्यावी आणि तिच्या टोकाला जाळी लावावी. बोअरच्या पाण्यातली रेती आणि पाटाच्या पाण्यातला गाळ पंपात गेला की सील कातरतात. पाणी क्षारांचं असेल तर काम झाल्यावर दोन मिनिटं गोडं पाणी फिरवावं. गावच्या नळयोजनेला मशीन थेट जोडण्यापेक्षा मध्ये टाकी ठेवावी, म्हणजे साबणाचं पाणी उलटं पिण्याच्या लाईनमध्ये जाण्याचा धोका राहत नाही.

ज्या यंत्रात ट्रिगर सोडल्यावर मोटर आपोआप थांबत नाही, ते ट्रिगर सोडून चालूच ठेवलं तर तेच पाणी पंपात फिरून तापतं. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करावं. काम संपल्यावर क्रम ठरलेला आहे: स्विच बंद, पाणी बंद, मग ट्रिगर दाबून नळीतला उरलेला दाब सोडणं, शेवटी ट्रिगरचं लॉक लावणं. नोझल बदलायचं असेल तरी आधी हाच दाब सोडावा. नळीला फुगवटा आला असेल, ट्रॅक्टरच्या चाकाखाली ती चेपली असेल, तर चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये, नवी घ्यावी.

ट्रॅक्टर धुताना

इंजिन गार होऊ द्यावं. तापलेल्या ब्लॉकवर थंड पाणी पडल्याने तडा जाऊ शकतो. चाकांतली आणि चेसीवरची माती लाकडी पट्टीने किंवा खुरप्याच्या बोथट बाजूने आधी काढावी. उरलेल्या थरावर साध्या नळीने पाणी सोडून दहा-पंधरा मिनिटं थांबावं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि आपोआप सुटायला लागते. मग साबण खालून वर लावावा आणि धुणं वरून खाली करावं. खालून वर लावलेल्या साबणाचे ओघळ पडत नाहीत आणि वरून खाली धुतलं की मळ स्वच्छ भागावर पुन्हा येत नाही. साबण उन्हात वाळू देऊ नये.

काही जागांवर धार सरळ मारूच नये: बॅटरी, अल्टरनेटर, स्टार्टर, वायरिंगचे जोड, हवेच्या फिल्टरचं तोंड, डिझेल टाकीचं झाकण, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचे ब्रीदर. नव्या ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असतं. त्यात पाणी गेलं तर बिघाड लगेच दिसत नाही, काही दिवसांनी गाडी मध्येच बंद पडते. रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांवर धार तिरकी पडली की त्या वाकतात आणि हवा अडते. तिथे कमी दाबाचं पाणी सरळ, शक्यतो आतून बाहेर जाईल असं सोडावं. टायरच्या बाजूच्या भिंतीवर जवळून धार धरली तर रबराला आतून इजा होते, ती बाहेरून दिसत नाही. गोल फिरणारं टर्बो नोझल टायरला आणि रंगाला वर्ज्य.

धुऊन झाल्यावर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून ओलावा घालवावा आणि प्रत्येक निपलमध्ये ग्रीस भरावं. नवं ग्रीस आत गेलं की शिरलेलं पाणी बाहेर ढकललं जातं. ही पायरी वगळली तर धुतलेला ट्रॅक्टर न धुतलेल्यापेक्षा लवकर खराब होतो.

सोयाबीन आणि गव्हाच्या काढणीला एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात फिरणारी हार्वेस्टर यंत्रं हा वेगळा विषय आहे. त्यांच्या चाळण्यांत आणि चाकांत गाजर गवतासह तणांचं बी अडकून येतं आणि पुढच्या रानात पडतं. यंत्र बांधावर आलं की शेतात उतरवण्याआधी साफ करून घ्यावं, असा आग्रह धरायला हवा. मात्र तिथे आधी भुसा हवेच्या झोताने किंवा झाडूने कोरडाच काढावा. पाण्याने भुशाचा लगदा होऊन तो कोपऱ्यात बसतो.

गोठा: आधी फावडं, मग पाणी

गोठ्यात सर्वांत जास्त पाणी वाया जातं ते शेणावर धार मारल्याने. शेण फावड्याने आणि घमेल्याने उचलून उकिरड्यावर किंवा गोबरगॅसच्या टाकीत न्यावं. मग जमीन भिजवावी, साबणाचा फेस दहा मिनिटं ठेवावा, 25 अंशांच्या फवाऱ्याने उताराच्या दिशेने धुवावं आणि जमीन वाळल्यावर जंतुनाशक मारावं. ओल्या जमिनीवर मारलेलं जंतुनाशक पातळ होऊन निकामी होतं. लाळ्या-खुरकुताची साथ आजूबाजूला असेल तेव्हा 4 टक्के धुण्याचा सोडा, म्हणजे 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम, हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. रबरी मॅट उचलून त्यांच्या खालची बाजूही धुवावी, कासदाहाचे जंतू तिथेच टिकतात.

धुलाईच्या वेळी जनावरं गोठ्यात असू नयेत. मशीनच्या आवाजाने गाय बिचकते, घसरते. शिवाय दाबाच्या पाण्याने शेण-मूत्राचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि श्वासातून, डोळ्यांतून शरीरात जातात. ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांतला सांसर्गिक गर्भपात, आणि लेप्टोस्पायरोसिस हे आजार जनावरांकडून माणसाला होतात. गाय गाभडलेली जागा तर दाबाने कधीच धुऊ नये. तिथे मास्क आणि हातमोजे घालून, जंतुनाशक ओतून, हलक्या पाण्याने सफाई करावी. गायीच्या अंगावर, कासेवर गन मारणं सर्रास दिसतं. ते थांबायला हवं. सडांच्या नाजूक कातडीला त्याने इजा होते आणि कासदाहाला वाट मिळते.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि साचलेलं मूत्र एकत्र आलं तरी विषारी वायू तयार होतो. म्हणून एका वेळी एकच रसायन, तेही मूत्र पूर्ण धुऊन काढल्यावर. कोणतं जंतुनाशक किती प्रमाणात वापरायचं याचा सल्ला तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना देतो. बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रंही या कामासाठीच आहेत.

सर्वांत गंभीर इशारा एचटीपीबद्दल आहे. ज्या पंपाने, ज्या टाकीतून आणि ज्या नळीने काल बागेवर कीटकनाशक मारलं, त्यानेच आज गोठा, गव्हाण किंवा पाण्याचा हौद धुणं म्हणजे दुभत्या जनावराला विष पाजणं. दोनदा खळबळून धुतल्याने रबरी नळीतला अंश जाईलच याची खात्री नसते. फवारणीची टाकी, नळी आणि गन वेगळ्या ठेवाव्यात, त्यांच्यावर लाल रंगाचा पट्टा मारावा. शक्य असेल तर पंपही वेगळा असावा. फवारणी यंत्र धुतलेलं पाणी त्याच बागेत सोडावं. ओढ्यात, पाटात किंवा विहिरीजवळ ते जाता कामा नये.

जिथे ही गन नेऊ नये

सिमेंटचे जुने पत्रे अनेक गोठ्यांवर आणि पोल्ट्री शेडवर आहेत. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. दाबाच्या पाण्याने पत्र्याचा वरचा थर उखडतो, ते तंतू सुटतात आणि श्वासातून गेले की फुप्फुसात कायमचे राहतात. हे पत्रे तसेही पायाखाली फुटतात. त्यांच्यावर चढू नये आणि त्यांना दाबाने धुऊ नये.

सौर पॅनेलवरची धूळ पहाटे किंवा सायंकाळी, पॅनेल गार असताना, मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने काढावी. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाण्याची धार मारली तर काच तडकते, दाबाने कडेचं सील निसटतं आणि आत पाणी शिरतं.

पांढऱ्या मातीच्या भिंती आणि माळवदाची घरं पारनेर, कर्जत, जामखेडकडे अजून उभी आहेत. त्यांना दाबाचं पाणी म्हणजे थेट पडझड. जुन्या दगडी देवळांच्या बाबतीतही तसंच. जत्रेआधी किंवा जीर्णोद्धाराच्या उत्साहात देवळाचा ऑइलपेंट काढायला प्रेशर मशीन आणलं जातं. त्याने दगडांमधला चुना निघून जातो, सांध्यांत पाणी शिरतं आणि कोरीव कामाच्या बारीक कडा झिजतात. रतनवाडीच्या अमृतेश्वरासारखं शेकडो वर्षांचं शिल्प एकदा झिजलं की परत घडत नाही. संरक्षित वास्तूला परवानगीशिवाय हात लावणं तर कायद्यानेही गुन्हा आहे. गावच्या असंरक्षित देवळासाठीही पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा.

पाण्याचा हिशोब

अकोले तालुक्याचा डोंगराळ भाग सोडला तर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची रीत घालून दिली ती याच जिल्ह्यात. धुलाईलाही तोच हिशोब लावता येतो. मिनिटाला 15 लिटर सोडणारी साधी नळी 20 मिनिटं चालली तर 300 लिटर पाणी जातं. मिनिटाला 7 लिटरचं वॉशर तेवढाच वेळ चालवलं तर 140 लिटर. पण 30 लिटरचा एचटीपी 20 मिनिटं चालला की 600 लिटर गेले. खरवडून आणि भिजवून घेतल्याने एचटीपीचा वेळ 20 मिनिटांवरून 8 वर आला तर 360 लिटर वाचतात. धुलाईच्या जागी फरशी करून उतार द्यावा, पाणी आधी गाळाच्या खड्ड्यात आणि मग तेल अडवणाऱ्या टाकीत न्यावं. ऑइल आणि ग्रीस मिसळलेलं पाणी विहिरीच्या किंवा बोअरच्या दिशेने जाऊ देऊ नये.

धार लागलीच तर

दाबाची धार हाताला किंवा पायाला लागली की वरून फक्त एक बारीक छिद्र दिसतं, कधी रक्तही येत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. इथेच फसगत होते. पाणी, त्यातली घाण, ग्रीस किंवा कीटकनाशक कातडीखाली दूरवर पसरलेलं असतं. काही तासांत सूज वाढते, रक्तपुरवठा दबतो आणि उशीर झाला तर बोट कापावं लागू शकतं. हळद किंवा मलम लावून वाट बघू नये, घट्ट पट्टी बांधू नये, जखम चोळू किंवा पिळू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करावा आणि जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशा रुग्णालयात सहा तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर पोहोचावं. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने वाटेत जखमीला काही खायला-प्यायला देऊ नये. डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावं की ही उच्च दाबाच्या धारेची जखम आहे आणि पाण्यात अमुक रसायन होतं. त्या रसायनाची बाटली सोबत न्यावी. धार डोळ्याला लागली तर डोळा न चोळता, त्यावर दाब न देता झाकून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावं.

शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, मेन स्विच कुठे आहे हे दाखवून ठेवावं.

या हंगामाची पहिली धुलाई करण्याआधी प्रत्येक घराने तीन कामं उरकून घ्यावीत: इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग आणि आरसीसीबी तपासणं, पंपाच्या पट्ट्यावर जाळी बसवणं आणि फवारणीची नळी-टाकी धुलाईपासून वेगळी करणं. तिन्ही कामं एका दिवसात होतात. गोठ्यावर किंवा वॉशिंग सेंटरवर गडी कामाला असेल तर गमबूट, गॉगल आणि हातमोजे मालकाने स्वतः आणून द्यावेत आणि ते घातल्याशिवाय त्याच्या हातात गन देऊ नये.